‘मी आलो’ : घर सोडून पुण्यात आलेल्या एका ट्रान्समॅन विद्यार्थ्याचं प्रकरण

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून बसते. जिन्याखालची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. भिंतीपलीकडे झेरॉक्सचं दुकान. सबमिशनच्या दिवसांत तिथे रांग लागते, मग आतलं बोलणं रांगेत ऐकू जाऊ नये म्हणून पंखा पाचवर ठेवावा लागतो. ऑक्टोबर २०२३मध्ये पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी या खोलीत आला. मे २०२५पर्यंत, मधले खंड धरून, आमच्या एकतीस बैठका झाल्या.

हे लिहायला त्याची परवानगी आहे. मसुदा वाचून त्याने दोन ठिकाणी मला दुरुस्तही केलं. नाव लिहीत नाही. जुनं तर नाहीच, नवंही नाही. ओळख पटेल असे तपशील बदललेत. जिल्हा मात्र बदललेला नाही, कारण जिल्हा बदलला तर हे प्रकरणच उरत नाही.

पहिल्या दिवशीची चूक

नोंदणीच्या कागदावर मुलीचं नाव होतं. समोर आखूड केस, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्यांचा चौकड्याचा शर्ट. येण्याचं कारण : ‘अभ्यासात लक्ष लागत नाही, एम-वनच्या (गणिताचा पहिला पेपर) युनिट टेस्टला नापास.’ खुर्ची ओढत तो म्हणाला, “मॅडम, मी जरा लवकरच आलो.”

मी हसून विचारलं, “कोल्हापूर का?”

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “व्हय.”

कोल्हापूर-सांगलीकडच्या मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी जातो’ म्हणतात, हे महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्याच्या वसतिगृहांत त्यावरून थट्टाही चालते. मी ते ‘आलो’ बोली म्हणून ऐकलं. वर फाइलमध्ये शेरा मारला : ‘बोलीचा प्रभाव, भाषिक न्यूनगंड असू शकतो.’ तीन बैठका आम्ही एम-वनचं वेळापत्रक आखत बसलो. चौथ्या बैठकीत वेळ संपता संपता तो म्हणाला, “मॅडम, मी आलो म्हणतो ते कोल्हापूरचा हाय म्हणून न्हाई.”

‘कोल्हापूरचा’ हा शब्द तेव्हा कुठे मला ऐकू आला. तो ट्रान्समॅन होता : जन्मल्यावर मुलगी ठरवलेला, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा. तो शेरा फाइलमध्ये मी तसाच ठेवला आहे. पंधरा वर्षं या कामात आहे आणि लिंगभावावरच्या कार्यशाळांत शिकवायलाही जाते, तरी समोरच्याने पहिल्याच वाक्यात सांगितलेलं ऐकायला मला महिना लागला.

आडोसा

इंग्रजी बोलणारा माणूस ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ यातलं काहीही न ठरवता दिवसभर स्वतःबद्दल बोलू शकतो. मराठीत तोंड उघडलं की क्रियापद विचारतं, तू कोण? माझ्याकडे आलेल्या काही ट्रान्स मुलांनी यातून पळवाटा काढलेल्या मी पाहिल्या आहेत. नागपूरकडचा एक जण दोन वर्षं ‘जेवण झालंय’, ‘निघायला हवं’, ‘जमणार नाही’ अशी बिनकर्त्याची मराठी बोलत होता. ऐकणाऱ्याला तो फक्त तुटक वाटायचा.

आमच्या या विद्यार्थ्याला तशी कसरत कधी करावी लागली नाही. पंचगंगेकाठच्या गावात आई विचारायची, “जेवलीस काय गं?” आणि तो म्हणायचा, “जेवलो.” धाकटी बहीणही ‘जेवलो’च म्हणायची. शाळेतल्या बाई, शेजारच्या काकू, कुणाचाही कान टवकारला नाही. तो स्वतःला मुलगा मानून बोलत होता आणि गावाला ते गावाचंच बोलणं वाटत होतं. घरी असताना रोज शंभर वेळा खरं बोलूनही तो पकडला गेला नव्हता. असा आडोसा फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

पुण्यात हा आडोसा सुटला. इथे ‘आलो’ म्हटलं की माणसं बघायची. आधी हसायची, मग “ए कोल्हापुरी” म्हणायची. त्याला घरची आठवण यायची ती बहुधा याची. पहिल्या सत्रातली त्याची उदासी, झोप न लागणं, एम-वनला बसून कोरा पेपर देणं याचा अर्थ मी पुढे असा लावला : लपून राहण्याचा त्रास त्याला होताच, पण ज्या जागी न लपताही लपता यायचं ती जागा गेल्याचं दुःख त्याहून मोठं होतं. मोकळं व्हायला शहरात आलेल्या माणसाला गाव आठवून रडू येतं, हे त्याला स्वतःलाच पटत नव्हतं. “खुळ्यागत वाटतंय मॅडम,” तो म्हणायचा.

वर्गात एक, गेटवर दुसरं

डिसेंबरमध्ये त्याने प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये आपलं नवं नाव सांगितलं आणि रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी टाकल्या. मी आदल्या दिवशी थोडं थांब म्हटलं होतं. त्याने ऐकलं नाही, आणि बरं झालं. बरेच अंगठे आले, एक घाणेरडं स्टिकर आलं. एका मुलीने वेगळा मेसेज करून विचारलं, “म्हणजे आता तुला ‘रे’ म्हणायचं ना?” मुलांना नवं नाव लक्षात ठेवायला आठवडे लागले, पण ‘गं’चा ‘रे’ दोन दिवसांत झाला. मित्र त्याला ‘भावा’ म्हणू लागले. कोल्हापुरात भावा कुणालाही म्हणतात, म्हणून आधी त्याला त्याचं विशेष वाटलं नाही. इथे ते मुद्दाम म्हटलं जातंय, हे कळल्यावर वाटलं.

स्टिकर टाकणाऱ्याबद्दल तक्रार करायची का, हा प्रश्न आला. रॅगिंगविरोधी नियमांत यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१६मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार लिंगओळखीवरून केलेला छळ किंवा वगळणं हेही रॅगिंगच ठरतं. हे मी त्याला वाचून दाखवलं. त्याला तक्रार नको होती. कलम माहीत असणं पुरेसं आहे म्हणाला, आणि त्या मुलाला ते कलम कुणीतरी पाठवलं असं पुढे कानावर आलं.

हजेरीचा प्रश्न सहज सुटला. जुनं नाव पुकारलं की त्याचा पुढचा सगळा तास जायचा. वर्गशिक्षकांना मी एकच विनंती केली की या तुकडीची हजेरी रोल नंबरने घ्यावी. कारण सांगावं लागलं नाही. सत्तर मुलांची नावं वाचण्यापेक्षा आकडे वाचणं त्यांनाही सोयीचंच होतं.

वसतिगृह मात्र अवघड गेलं. कागदावर मुलगी, म्हणून जागा मुलींच्या वसतिगृहात. साडेआठला गेट बंद. दिवसभर ‘भावा’ आणि रात्री गेटवर “मुलींनो, सह्या करा.” खोलीतल्या मुली वाईट नव्हत्या. त्यांनी त्याचं ऐकून घेतलं, मान्य केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कपडे बदलायला बाथरूममध्ये जाऊ लागल्या. हे सांगताना तो बराच वेळ हाताच्या नखांकडे बघत होता. “त्यांचं बरोबर हाय,” तो म्हणाला. “मी पोरगा हाय म्हटल्यावर त्यांनी तसंच वागाय पायजे. पण मग मी कुठं जाऊ?”

मुलांच्या वसतिगृहाला कागद आडवा आला. महाविद्यालयाने पाहुण्यांसाठीची एकट्याची खोली देऊ केली. हेतू चांगला होता, पण एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा घराबाहेर पडलेल्या पोराला एकट्याला खोलीत ठेवणं मला धोक्याचं वाटलं आणि मी तसं लेखी कळवलं. शेवटी वर्गातल्या दोन मुलांबरोबर कॉट बेसिसवर जागा शोधायची ठरली. चार ठिकाणी नकार आला. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची म्हणून आधार कार्ड मागत, आणि आधारवर ‘स्त्री’ पाहिलं की “मुलं-मुली एकत्र चालणार नाही” म्हणत. पाचवी जागा सदाशिव पेठेतली. मालक सत्तरीचे. मुलांनी जे आहे ते सरळ सांगितलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “भाडं पाच तारखेला. गच्चीत सिगरेट नको. पाणी सकाळी सात ते आठ.” यापलीकडे त्या घरात या विषयावर चर्चा झाल्याचं मला माहीत नाही.

त्या आठवड्यात तो पेठेतल्या सलूनमध्ये पहिल्यांदा गेला. कटिंग झाल्यावर कारागिराने सवयीने विचारलं, “दाढी?” गालावर एक केस नव्हता. “राहू द्या आज,” असं आपण म्हणालो, हे त्याने मला दोनदा सांगितलं.

पर्वतीच्या पायऱ्या

फेब्रुवारी २०२४मध्ये खोलीतली मुलं रविवारी सकाळी पर्वतीला जाऊ लागली. एकशेतीन पायऱ्या. हा अर्ध्यावर बसायचा. रूममेटला वाटलं तब्येत नाजूक. मला शंका आली म्हणून विचारलं, तर छाती सपाट दिसावी म्हणून तो सहा महिने मेडिकलमधून आणलेलं क्रेप बँडेज गुंडाळत होता. सकाळी सातपासून रात्री झोपेपर्यंत, आणि खोलीत मुलं असली तर झोपतानाही.

हे प्रत्येक समुपदेशकाने विचारायला हवं, आणि लाजून आपण विचारत नाही. क्रेप बँडेज मुरगळलेल्या घोट्यासाठी असतं. ते ताणून गुंडाळलं की श्वासागणिक आवळत जातं आणि बरगड्यांना हलायला जागा देत नाही. त्यासाठीच शिवलेला बाइंडर मिळतो. तोही आठ तासांच्या वर घालायचा नाही, त्यात झोपायचं नाही, व्यायाम करायचा नाही. त्याच्या डाव्या कुशीत खोल श्वास घेताना कळ येत होती. डॉक्टरांनी तपासलं, फ्रॅक्चर नव्हतं. तीन आठवडे काहीही बांधायचं नाही असं ठरलं. ते तीन आठवडे तो कॉलेजला फक्त प्रॅक्टिकलपुरता आला, तेही मार्चच्या उन्हात जॅकेट घालून.

दुसरी गोष्ट याच बैठकीत निघाली. स्त्रियांच्या स्वच्छतागृहात जाता येत नाही, पुरुषांच्या स्वच्छतागृहात एकाच दाराला कडी, म्हणून तो कॉलेजात दिवसभर पाणीच पीत नव्हता. दोनदा लघवीचा संसर्ग होऊन गेला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या स्वच्छतागृहातल्या उरलेल्या तीन दारांना कड्या बसवून घ्यायला मला पाच महिने आणि चार अर्ज लागले. या प्रकरणात मी केलेलं सगळ्यांत उपयोगी काम कदाचित तेच असेल.

‘एल’

आता ज्याची उकल माझ्याकडे नाही, त्या भागाकडे येते.

अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीय) प्रवेशात ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. जागा मिळाल्याच्या पत्रावर प्रवर्गाचा जो संकेत छापलेला असतो, त्याचं पहिलं अक्षर ‘जी’ असलं तर सर्वसाधारण, ‘एल’ असलं तर लेडीज. त्याची जागा ‘एल’ची, ओबीसीतली. अर्ज तालुक्याच्या नेट कॅफेत भरला होता. शेजारी वडील. कॅफेवाल्याने काही न विचारता ‘स्त्री’वर क्लिक केलं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, ८ जुलै २०२४ला, राज्य सरकारने निर्णय काढला : आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि आर्थिकदृष्ट्या मागास मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्याआधी ओबीसी म्हणून निम्मं माफ होतंच. म्हणजे कागदावर ‘स्त्री’ असण्याची किंमत त्याच्या बाबतीत वर्षाला साधारण साठ हजार. उरलेली तीन वर्षं धरून एक लाख ऐंशी हजार. वडील साखर कारखान्यात काट्यावर. धाकटी बहीण दहावीला.

तो वहीचा कागद घेऊन आला. एका बाजूला हा हिशेब, दुसऱ्या बाजूला ओळखपत्राची प्रक्रिया. २०१९चा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १० जानेवारी २०२०पासून लागू झाला. त्यानुसार तेव्हा राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज केला की जिल्हाधिकारी ‘ट्रान्सजेंडर’ असं प्रमाणपत्र देत, त्याला वैद्यकीय तपासणी लागत नव्हती. ‘पुरुष’ असं हवं असेल तर शस्त्रक्रियेचा पुरावा लागायचा. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४च्या नाल्सा निकालात स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता, कायद्याने त्यात ही पायरी घातली. शिवाय त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहत असल्याची अट. पहिल्या वर्षी पुण्यातून अर्ज करता येत नव्हता, आणि कोल्हापुरातून केला असता तर कागद घरच्या पत्त्यावर गेला असता. आता बारा महिने होत आले होते. पण प्रमाणपत्र घेतलं, त्यावरून आधार बदललं, की महाडीबीटीवरचं (शिष्यवृत्ती-शुल्कमाफीचं सरकारी पोर्टल) नाव आधारशी जुळणार नाही आणि शुल्कमाफी अडकेल.

“चोरी केल्यागत वाटतंय,” तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं, तू काही दडवलेलं नाहीस, तुझे कागद आज जे आहेत ते आहेत, आणि मुलगी म्हणून वाढताना जे अडथळे येतात ते तुला आलेच होते. उत्तर खरं होतं, पण वकिली होतं, आणि त्याला ते कळलं.

पुढच्याच महिन्यात कँटीनमध्ये वर्गातल्या एका मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, “तू मुलगा आहेस ना? मग ‘एल’ची सीट कशी घेतलीस?” तिला कॉम्प्युटर शाखा हवी होती आणि एल-ओबीसीतूनच ती थोडक्यात हुकली होती. त्याच्या मित्रांनी तिला ट्रान्सविरोधी ठरवून टाकलं. मला ते पटलं नाही. तिचा प्रश्न वाईट जागी विचारलेला होता, पण वाईट नव्हता. त्यालाही तसंच वाटलं आणि तो आठवडाभर कँटीनला गेला नाही. नंतर त्या दोघांचं बोलणं झालं. काय झालं ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

निर्णय त्याने घेतला : २०२७ला पदवी हातात पडेपर्यंत कागद बदलायचे नाहीत. पदवीही जुन्या नावाने येईल, मग राजपत्र, बोर्ड, विद्यापीठ सगळीकडे खेटे घालावे लागतील. तेवढं तो घालणार आहे. म्हणजे वर्गात, खोलीत, सलूनमध्ये उघडपणे पुरुष आणि वर्षातून एकदा महाडीबीटीवर स्त्री.

दोन दिवाळ्या

दिवाळी २०२३ला तो स्वारगेटहून एसटीने घरी गेला. त्या वर्षी १७ मार्चपासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालेलं. कंडक्टरने न विचारता हाफ फाडलं. याने फुल मागितलं. कंडक्टर म्हणाला, “ताई, बायकांना हाफ हाय. पैसं जास्त झाल्यात काय?” अख्खी गाडी हसली. ही गोष्ट तो पुढे विनोद म्हणून सांगायला लागला, पण पहिल्यांदा सांगितली तेव्हा हसला नव्हता.

त्यानंतरच्या वर्षभरात आई-वडिलांना काही सांगितलेलं नव्हतं. फोनवर ‘आलो-गेलो’ चालू होतं. जिममधल्या एका मुलाने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं स्वस्तात मिळवून देतो म्हटलं, तेव्हा आमची एकुलती एक भांडणाची बैठक झाली. मी त्याला थांबवलं. रक्त घट्ट होणं, यकृत, मात्रा ही कारणं सांगितली आणि त्याने ती मान हलवत ऐकून घेतली. अडला तो दुसऱ्याच मुद्द्यावर. मी म्हटलं, काही महिन्यांत आवाज फुटेल आणि तो परत जुना होणार नाही. क्रियापदाने गावाला कळलं नाही, आवाजाने कळेल. फोनवर ‘हॅलो’ म्हटलंस की कळेल. तो गप्प बसला. म्हणजे आधी घरी सांगायचं. क्रम असा ठरला.

सांगायच्या आधी तयारी केली. महिनाभराचा खर्च वेगळा ठेवला, आधार आणि गुणपत्रिकांच्या मूळ प्रती पुण्यातच ठेवल्या, एक मित्र कोल्हापूर शहरात दोन दिवस मुक्कामाला राहिला. या तयारीपैकी काहीही वापरावं लागलं नाही, तरी पुढच्या वेळी मी तेवढीच तयारी करून घेईन.

धाकटीला त्याने आधीच सांगितलं होतं. दिवाळी २०२४ला लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, चुलीपाशी, चार वाक्यांत. आई म्हणाली, “बघू,” आणि उठून गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दरवर्षी दोघी मिळून चुलतभावाला ओवाळायच्या. त्या दिवशी चुलतभावाला ओवाळून झाल्यावर धाकटी याला म्हणाली, “आता तू बस पाटावर.” सगळे हसले, गंमत समजून. हा बसला. धाकटीने निरांजन उचललं, तशी आई आतून आली, खांद्यावरचा टॉवेल काढून याच्याकडे टाकला आणि म्हणाली, “डोक्यावर घे काहीतरी. उघड्या डोक्यानं ओवाळून घेत न्हाईत.”

डोकं पुरुष झाकतात. मला हे सांगताना त्याने टेबलावरचा माझा रुमाल उचलून डोक्यावर कसा घेतला ते करून दाखवलं.

यावरून घरी सगळं मान्य झालं असं मी फाइलमध्ये लिहिलं नाही, कारण तीनच दिवसांनी त्याच आईने पाहुण्यांच्या लग्नासाठी पंजाबी ड्रेस काढून ठेवला होता आणि तो घातला नाही म्हणून रडली होती. वडिलांना कळलं ते त्या रडण्यातून. पुढे कारखान्याचा सीझन सुरू झाला, ते जादा पाळ्या करायला लागले आणि फोन घेईनासे झाले.

वडील

फेब्रुवारी २०२५मध्ये वडील न कळवता खोलीत आले. पांढरा शर्ट, हातात पिशवीत गुळाची ढेप, माझ्यासाठी. खुर्चीच्या कडेवर बसले.

“मॅडम, आमच्याकडं यल्लम्माला सोडलेले जोगते म्हाईत हायत. हे त्यातलं काय?”

जोगते, हिजडे, टाळ्या वाजवणारे : मुलगा म्हणून जन्मून बाईच्या वेशात जगणारी माणसं गावाने पाहिलेली असतात. मुलगी म्हणून वाढून पुरुष म्हणून जगणारा माणूस पाहिलेला नसतो. सरकारी कागद तर दोघांनाही ‘तृतीयपंथी’ म्हणतात. तो शब्द या बापाला सिग्नलवर नेऊन उभा करतो. मी ‘ट्रान्समॅन’ म्हटलं, ‘पारलिंगी पुरुष’ म्हटलं, दोन्ही शब्द त्यांच्यावरून ओघळून गेले. मग ते स्वतःच म्हणाले, “बीडचा तो पोलीस, तसलं का?”

ललित साळवे. २०१८मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेले महाराष्ट्र पोलिसांतले शिपाई, ज्यांची बातमी तेव्हा घरोघरी टीव्हीवर चालली. त्यांचं वैद्यकीय कारण वेगळं होतं, हे मी सांगितलं. पण वडिलांना त्या फरकात रस नव्हता. तो माणूस नोकरीत राहिला, वर्दीत राहिला, एवढंच त्यांना विचारायचं होतं. हो म्हटल्यावर ते खुर्चीत मागे सरकून बसले.

मग त्यांनी विचारलं, “ह्याच्यावर औषध न्हाई?” मी सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत हे मनोविकारांत मोजलेलं नाही. आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्याच वर्षी, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, असं ‘बरं करणं’ हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

“म्हंजे डॉक्टरलाच बंदी,” ते म्हणाले. कोल्हापुरात एकाकडे वेळ घेतली होती, ती रद्द करतो म्हणाले. केली की नाही माहीत नाही. मुलाला न भेटता निघाले, पण मेसचे तीन महिन्यांचे पैसे माझ्याकडे द्यायला लागले. मी घेतले नाहीत. खाली कट्ट्यावर बसलाय, तुम्हीच द्या म्हटलं. खिडकीतून पाहिलं, दिले. किती वेळ बोलले ते दिसलं नाही, कारण झेरॉक्सवाल्याने शटर ओढलं.

मे २०२५पर्यंत

मानसोपचारतज्ज्ञांचं मूल्यमापन, ग्रंथीतज्ज्ञांच्या तपासण्या होऊन टेस्टोस्टेरॉन जानेवारीत रीतसर सुरू झालं. पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आहे. एप्रिलपर्यंत आवाज घोगरा झाला, हनुवटीवर पाच-सहा केस आले. गावात कुणी विचारलं तर आई “पीसीओडी हाय” म्हणून सांगते, म्हणजे बायकांच्या अंडाशयाचा विकार, ज्यात चेहऱ्यावर केस येतात. डॉक्टरांकडे नेताना भेटलेली शेजारीण, किराणावाला, सगळ्यांना पीसीओडी. भाषेचा आडोसा गेला तसा आईने आजाराचा उभा केला. मला आधी राग आला होता. तो म्हणाला, “मॅडम, ती माझ्यासाठी खोटं बोलतीय. आधी माझ्याशी बोलत न्हवती.”

फोनवर आई आता ‘जेवलीस’ म्हणत नाही. ‘जेवलास’ही म्हणत नाही. “जेवलं काय लेकरू?” असं विचारते. मराठीत लेकरू नपुंसकलिंगी आहे, तिने त्यातून आपली वाट काढली आहे. तो अजून ‘जेवलो’च म्हणतो.

एम-वन दुसऱ्या प्रयत्नात सुटला. तिसऱ्या सत्राचे सगळे विषय निघाले. कँटीनमधली ती मुलगी आता त्याच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये आहे.

परीक्षा संपल्यावर तो घरी निघाला. संध्याकाळी फोन आला, मागे एसटीच्या इंजिनाचा आवाज. “मॅडम, कंडक्टरनं वर बघितलंच न्हाई. फुल्ल फाडलं.” तिकिटाचा फोटोही पाठवला. जुलैमध्ये महाडीबीटीचा अर्ज पुन्हा भरायचा आहे. त्या दिवशी माझ्या खोलीत बसून भरू का, असं त्याने विचारलंय.